लिनक्समधील डिरेक्टरीची मालकी व परवानग्या

लिनक्स या संगणक कार्यप्रणालीत प्रत्येक डिरेक्टरीला (फोल्डरला) एक मालक, एक गट आणि परवानग्यांचा संच असतो. यांतील नोंद चुकल्यास वापरकर्त्याला स्वतःच्याच फाइली उघडता येत नाहीत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारित असल्याने तिलाही हेच नियम लागू आहेत.

परवानग्यांचा अर्थ

वाचनासाठी ४, लेखनासाठी २ आणि प्रवेशासाठी १ असे अंक असून मालक, गट व इतर यांच्यासाठी त्यांची स्वतंत्र बेरीज लिहितात. ७५५ म्हणजे मालकाला सर्व अधिकार, बाकीच्यांना केवळ वाचन व प्रवेश. फाइल पुसणे हा डिरेक्टरीतील बदल मानला जातो. त्यामुळे डिरेक्टरीत लेखन व प्रवेशाचा अधिकार असणारा दुसऱ्याची फाइलही पुसू शकतो. सर्वांना खुल्या असलेल्या 'टीएमपी' डिरेक्टरीवर म्हणूनच 'स्टिकी बिट' असतो.

बिघाड व दुरुस्ती

मालकाची नोंद नावाने नव्हे, क्रमांकाने होते. डेबियनमध्ये पहिल्या सामान्य वापरकर्त्याचा क्रमांक बहुधा १००० असतो. जुन्या संगणकाची डिस्क नव्याला जोडली आणि तेथे क्रमांक निराळा असला, तर मालक परका ठरतो. 'सुडो' लावून केलेल्या कामातून निर्माण झालेल्या फाइलीही 'रूट'च्या नावे जातात.

प्रथम 'एलएस -एलडी' या आज्ञेने मालक पाहावा, मगच 'सीएच-ओन'ने मालकी आणि 'सीएच-मॉड'ने परवानग्या बदलाव्यात. मोठ्या लिपीतील 'आर' हा पर्याय दिल्यास बदल आतील सर्व फाइलींना लागू होतो. अशा वेळी सरसकट ७५५ दिल्यास साध्या फाइलीही चालवण्याजोग्या ठरतात. त्याऐवजी मोठ्या लिपीतील 'एक्स' वापरल्यास ती परवानगी डिरेक्टरींना आणि आधीपासून चालवण्याजोग्या असलेल्या फाइलींनाच मिळते. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर मालकीची नोंदच नसते, त्यामुळे तेथे या आज्ञांचा उपयोग होत नाही.

अनेकदा सुचवला जाणारा ७७७ हा उपाय म्हणजे कुलूप बिघडले म्हणून दारच काढून ठेवणे होय. तो मूळ डिरेक्टरीपासून सर्वत्र लागू केल्यास 'सुडो'चा विशेष बिट निघून जातो व दुरुस्तीचा नेहमीचा मार्गच बंद होतो. आरपीएम पद्धतीच्या वितरणांत पॅकेजांच्या फाइलींचे मूळ मालक व परवानग्या परत आणणारी आज्ञा आहे. डेबियनमध्ये तशी सोय नसल्याने प्रणाली पुन्हा स्थापित करणेच बहुधा सोपे पडते.