शिक्कामोर्तबापासून मेसेज ब्रोकरपर्यंत : निरोप तपासायचा कुणी?

मंडळी, सणसवाडीत बोलायचं म्हणजे यंत्रांपासून सुरुवात करावी असं कुणालाही वाटेल. नगर रस्त्याला लागून कारखानेच कारखाने आहेत. पण मी एका शब्दापासून सुरू करतो : शिक्कामोर्तब. आज आपण तो ‘पक्कं झालं’ एवढ्याच अर्थानं वापरतो. शिवकाळातल्या पत्रांत मात्र ही दोन निराळी कामं होती. शिक्का माथ्यावर, पत्र कुणाचं ते तो सांगतो. मोर्तब शेवटी, मजकूर संपतो तिथं : ‘मर्यादेयं विराजते’. ही हद्द. याच्या खाली कुणी ओळ वाढवली, तर ती आमची नव्हे.

हुंडीत याच्याही पुढची युक्ती आहे. रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, आणि वर तिचे निमे किती, त्याची दुप्पट किती, तेही लिहायचं. आकड्यापुढं एक शून्य वाढवणं सोपं. सगळीकडे जुळवून वाढवणं अवघड. कॉम्प्युटरवाले ज्याला व्हॅलिडेशन म्हणतात, ते सावकाराच्या पेढीवर रोज चालायचं. फक्त तिथं तपासणारा माणूस पाठवणाऱ्याला बहुधा ओळखत असे.

ही ओळखच पुढं गेली, आणि तीही मुद्दाम. विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. १९८० च्या दशकात अमेरिकेत त्यांच्या टेकनेक्रॉन कंपनीनं ‘इन्फर्मेशन बस’ नावाची प्रणाली केली. पुढे १९९७ मध्ये त्यातूनच टिब्को उभी राहिली. कल्पना अशी की पाठवणाऱ्यानं फक्त विषय सांगायचा, ज्याला तो विषय हवा त्यानं नाव नोंदवायचं. शेअरच्या भावांसाठी हे वरदान ठरलं. पण बघा, आता धाडणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला धाडणारा. जासुदाच्या जागी मधे एक प्रोग्रॅम आला. मग दारावरची तपासणी कुणाची?

१९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी एमक्यूटीटी तयार केलं. कारखान्यातल्या सेन्सरांसाठी आज ते सर्रास वापरतात. त्याचे नियम पत्त्याबाबत कडक आहेत. विषयाच्या नावातली अक्षरं बिघडलेली असतील तर जोडणी तोडा; निरोप धाडताना नावात ‘+’ किंवा ‘#’ चालणार नाही. लांबीलाही हद्द आहे, साधारण २५६ एमबी. म्हणजे शिक्का आहे, मोर्तबही आहे. आतल्या मजकुराबद्दल मात्र नियम गप्प. ती नुसती बाइटांची पुरचुंडी. भट्टीचं तापमान ९० ऐवजी ९०० आलं, तरी ब्रोकर ते निमूट पुढं देतो. हुंडीतलं ‘निमे’ इथं नाही. माझ्या मते हे समजण्यासारखं आहे, टपालवाल्यानं पत्र वाचू नये. फक्त मग घेणाऱ्यानं वाचायला हवं, आणि तो बहुतेकदा ‘ब्रोकरकडून आलंय ना’ म्हणून विश्वास ठेवतो.

आता उलटा प्रकार. अपाचे अ‍ॅक्टिव्हएमक्यू हा ब्रोकर जगभर वापरात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली एक खोट जाहीर झाली, गंभीरता १० पैकी १०. त्याच्या ओपनवायर या बोलीत एक ‘चूक झाली’ असं कळवणारा निरोप असतो, आणि ती चूक कोणत्या प्रकारची, त्या जावा क्लासचं नाव त्यात येतं. ब्रोकर ते नाव वाचून त्या क्लासची वस्तू तयार करायचा. ते नाव खरंच चुकीच्या प्रकाराचं आहे का, एवढंच कुणी विचारत नव्हतं. हल्लेखोरानं तिथं दुसऱ्याच क्लासचं नाव घातलं, सोबत स्वतःच्या सर्व्हरवरच्या फाइलचा पत्ता दिला, आणि ब्रोकरनं ती फाइल आणून तिच्यातले हुकूम चालवले! पासवर्ड लागला नाही. त्याच महिन्यात रॅन्समवेअरवाल्यांनी हा रस्ता धरला.

दुरुस्ती म्हणाल तर लहानशी : वस्तू तयार करण्याआधी तो क्लास ‘थ्रोएबल’ जातीचा आहे का ते पाहायचं, नसेल तर नाकारायचं. पण ती ५.१५.१६, ५.१६.७, ५.१७.६ आणि ५.१८.३ या आवृत्त्यांत आली. जुनी आवृत्ती चालवणाऱ्याला ती आपोआप मिळत नाही. आणि कारखान्यातला ब्रोकर एकदा चालू झाला की त्याला हात लावायला कुणी तयार नसतं, हे इथं बसलेल्या मेंटेनन्सवाल्यांना मी काय सांगावं!