अतिशिक्षण आणि वेतन

अतिशिक्षण : (श्रम-अर्थशास्त्र). कामाला लागते त्याहून अधिक शिक्षण कामगाराकडे असणे. बारावीवर भागणाऱ्या कारकुनीच्या जागेवर एम.ए. झालेला उमेदवार लागला, तर त्याची पाच वर्षे त्या कामापुरती जादा ठरतात. बेकारांच्या मोजणीत तो येत नाही, त्यामुळे हा प्रश्न सहसा नजरेआड राहतो.

शिकण्याने कौशल्य वाढते आणि कौशल्याप्रमाणे कमाई, ही गॅरी बेकर (१९६४) व जेकब मिन्सर (१९७४) यांच्या मानवी भांडवल सिद्धांताची मांडणी. लेस्टर थुरो यांनी १९७५ मध्ये तिला छेद दिला : वेतन जागेला असते, पदवी उमेदवाराला फक्त रांगेत पुढे सरकवते. पुढच्याच वर्षी रिचर्ड फ्रीमन यांचे ‘दि ओव्हरएज्युकेटेड अमेरिकन’ आले आणि वाद अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर पडला.

मोजमापाची रूढ पद्धत ग्रेग डंकन व सॉल हॉफमन यांची (१९८१). शिक्षणाची वर्षे त्यांनी तीन प्रकारांत मोजली : लागणारी, जादा आणि कमी पडणारी. अमेरिकी आकडेवारीत जादा वर्षालाही मोबदला दिसला, पण लागणाऱ्या वर्षाच्या सुमारे निम्माच. पुढे इतर देशांतही साधारण असेच चित्र आढळले. म्हणजे अतिशिक्षित कामगार शेजारच्या टेबलावरील कमी शिकलेल्या सहकाऱ्यापेक्षा थोडे अधिक कमावतो, आणि शिक्षणाला साजेशी नोकरी मिळालेल्या वर्गमित्रापेक्षा कमी. ‘शिकून काय मिळाले?’ आणि ‘शिकलेले वाया जात नाही’ ही घराघरांतली दोन्ही वाक्ये या एकाच आकडेवारीवर उभी राहू शकतात.

अर्थात, सारखी पदवी म्हणजे सारखी कुवत नव्हे. जर्मनीतील त्याच त्या कामगारांची अनेक वर्षांची माहिती तपासल्यावर वेतनातील हा फरक बराच आटतो, असे टॉमस बाउअर यांनी २००२ मध्ये दाखवले.

भारतातील सरकारी नोकरीला थुरो यांचे म्हणणे अधिक लागू पडते. वेतनश्रेणी पदाची असते. सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रातील शिपायाचे मूळ वेतन १५,००० रुपयांपासून सुरू होते, मग तो चौथी शिकलेला असो वा द्विपदवीधर. तरीही तिथली शाश्वती खासगी क्षेत्रातील तुटपुंज्या पगारापेक्षा मोलाची वाटते. २०१६ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडे हमालाच्या ५ जागांसाठी सुमारे अडीच हजार अर्ज आले. त्यांत जवळपास हजार पदवीधर आणि ५ एम.फिल. होते.