मी जातो, मी जाते

मूल बोलायला शिकते ते आईकडून, असे आपण धरून चालतो. बालभाषेच्या अभ्यासातही बराच काळ आई आणि मूल ही जोडी समोर ठेवूनच मोजमाप झाले. चिंचपोकळी-लालबागच्या चाळीत वाढणाऱ्या मुलाला हे माप अपुरे पडते, असे माझे म्हणणे आहे. त्याचा भक्कम पुरावा मराठी क्रियापदातच सापडतो.

दिवसभर आई आणि आजीच्याच सहवासात असलेला छोटा मुलगा पुष्कळदा ‘मी जाते’, ‘मी जेवले’ असे बोलतो. घरचे हसतात, पण त्याचा तर्क बिनचूक असतो. आई स्वतःबद्दल ‘मी जाते’ म्हणते आणि त्याला ‘तू जातोस’ म्हणते. ‘मी जातो’ हे रूप तिच्या बोलण्यात सहसा येतच नाही. आले तर ‘म्हण, मी जातो’ असे मुद्दाम शिकवताना. ते रूप सहज कानावर पडते ते पुरुषांच्या आणि थोरल्या मुलांच्या तोंडून, तेही बहुधा ते एकमेकांशी बोलत असताना.

‘मी’ आणि ‘तू’ यांचेही तसेच. मुलाशी थेट बोलताना ‘तू’ म्हणजे प्रत्येक वेळी ते मूलच. त्याला ते आपले नावच वाटू शकते. हा शब्द बोलणाऱ्यागणिक फिरतो, हे दुसऱ्या दोघांचे बोलणे ऐकल्यावर उमगते. युरिको ओशिमा-ताकाने यांनी १९८८ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. १९९६ च्या त्यांच्या अभ्यासात दुसऱ्या क्रमांकाची मुले एकूण भाषेत पहिल्या मुलांच्या पुढे नव्हती, सर्वनामांत मात्र होती. आपल्याकडे याची घरगुती साक्ष आहे: एकत्र कुटुंबातली कितीतरी मुले सख्ख्या आईला ‘वहिनी’ म्हणत मोठी झाली, कारण दीर-नणंदांच्या तोंडी तेच होते. आईने काही ते शिकवले नव्हते.

लाडाची बोलीही एकट्या आईची नसते. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठी बालबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांच्या तुलनेत मराठी घेतली. अक्षरांची पुनरावृत्ती सगळीकडे आढळली, आणि ही बोली समाजात परंपरेने चालत येते असा त्यांचा निष्कर्ष होता. भूभू, माऊ, मंमं हे शब्द चाळीच्या गॅलरीत प्रत्येक दाराशी तेच असतात.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. ॲड्रियाना वाइसलेडर आणि ॲन फर्नाल्ड यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक गरीब कुटुंबांत पाहिले, तेव्हा बाळाशी थेट केलेल्या बोलण्याचा शब्दसंग्रहाशी संबंध दिसला, नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्याचा दिसला नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे समोर बसलेल्या माणसाकडून चिनी ध्वनी शिकली. तेच चित्रफितीवर दाखवले तर शिकली नाहीत. म्हणजे गॅलरीतल्या गोंगाटाला आपोआप शिक्षण म्हणता येणार नाही, आणि घरात दिवसभर चालू राहणाऱ्या टीव्हीला तर नाहीच.

पण गॅलरीतले मूल नुसते ऐकत नसते. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत खोली साधारण १६० चौरस फुटांची. साहजिकच दार उघडे आणि मूल बाहेर, कुणा ताईच्या कडेवर. चालायला लागले की ते खेळात घुसते. मोठी मुले त्याला ‘कच्चा लिंबू’ करून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, पण लपाछपीत लपतो, ‘मी आलो, मी आलो’ ओरडतो, ‘तू आउट, मी नाही’ हे भांडण दोन्ही बाजूंनी ऐकतो. त्याच्याशी अर्धेच बोलले जाते, पण लक्ष सगळ्यांचे एकाच गोष्टीवर असते. मला ही जागा थेट बोलणे आणि नुसते ऐकणे यांच्या मधली वाटते, आणि संशोधनातली ही दोन टोके तिथेच जुळतात.

समाजभानाचीही तालीम इथेच होते. लपायचे तर शोधणाऱ्याला काय दिसते, काय ठाऊक आहे, याचा अंदाज हवा. दुसऱ्याचा समज चुकीचा असू शकतो हे मुलाला बहुधा चौथ्या वर्षाच्या सुमारास कळू लागते. जोसेफ पर्नर आणि सहकाऱ्यांना १९९४ मध्ये आढळले, की जास्त भावंडे असलेल्या मुलांना ते लवकर कळते. चाळीत सख्खे भावंड एखादेच असले तरी दादा-ताई मजलाभर असतात.

म्हणून पुनर्विकासात टॉवरमध्ये गेलेल्या घरासाठी ‘मुलाशी जास्त बोला’ हा सल्ला बरोबर असला तरी अर्धाच आहे. प्लेग्रुपमध्ये सगळी मुले तीन वर्षांची असतील, तर तिथे कच्चा लिंबू कुणीच नसतो. तिथे दिवसातला काही वेळ सहा-आठ वर्षांची मुले मिसळली पाहिजेत.