सांख्यिकी अध्यापनातील स्प्रेडशीट

संख्याशास्त्र शिकवताना स्प्रेडशीट वापरावी की स्वतंत्र सांख्यिकीय सॉफ्टवेअर, हा संगणक वर्गात आल्यापासून चर्चेत असलेला प्रश्न आहे. स्प्रेडशीट मुळात हिशेबासाठी निर्माण झाली (व्हिसिकॅल्क, १९७९). याउलट मिनिटॅब हे सॉफ्टवेअर १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात अध्यापनासाठीच तयार झाले; आर ही आज्ञावली-भाषाही रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ऑकलंड विद्यापीठात विकसित केली.

स्प्रेडशीटमध्ये आकडेमोड डोळ्यांसमोर घडते. प्रत्येक निरीक्षणातून मध्य वजा करणे, त्या फरकाचा वर्ग शेजारच्या स्तंभात मांडणे, एक संख्या बदलताच प्रमाण विचलन बदलताना पाहणे, हे विद्यार्थ्याला स्वतः करता येते. सॉफ्टवेअर बहुधा केवळ उत्तर छापते. आरमध्ये मात्र दिलेल्या आज्ञा क्रमाने लिहून ठेवता येतात व पुन्हा चालवता येतात. स्प्रेडशीटमध्ये कोणत्या ओळी कधी गाळल्या, याचा माग सहसा राहत नाही.

अचूकतेचे आक्षेप जुने आहेत. एक्सेलच्या २००३ पूर्वीच्या आवृत्त्या मोठ्या पण परस्परांच्या जवळ असलेल्या संख्यांचे प्रचरण चुकीचे काढत. ही त्रुटी दूर झाली. मजकुराची आपोआप तारीख करण्याची खोड मात्र इतकी उपद्रवी ठरली, की २०२० मध्ये ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखी मानवी जनुकांची नावेच बदलण्यात आली.

हर्न्डन प्रकरण

प्रकाशित निबंधातील निष्कर्ष पुन्हा काढून पाहण्याचा स्वाध्याय करताना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील (ॲमहर्स्ट) विद्यार्थी थॉमस हर्न्डन याला कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधातील आकडे जुळेनात. लेखकांकडून मिळालेल्या फाइलमध्ये सरासरीचे सूत्र ४९ ऐवजी ४४ व्या ओळीपर्यंतच पोहोचत होते व पाच देश वगळले गेले होते. मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांच्यासह त्याने २०१३ मध्ये केलेल्या फेरमांडणीत, ९० टक्क्यांहून अधिक सार्वजनिक कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वृद्धिदर उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आला. या फरकातील सूत्राच्या चुकीचा वाटा लहान होता. मोठा भाग काही वर्षांची माहिती वगळण्याचा व भार देण्याच्या पद्धतीचा होता. त्यामुळे ‘एक्सेलची चूक’ हे प्रचलित वर्णन अपुरे आहे. शिवाय, सूत्र सेलमध्ये उघडे असल्यानेच ते तपासता आले.

आर आणि लिबरऑफिस कॅल्क दोन्ही विनामूल्य असल्याने खर्चाचा मुद्दा आता गौण आहे. कॅल्क मराठीतूनही वापरता येते. आरच्या आज्ञा शिकवण्यासाठी मात्र तासिका द्याव्या लागतात.