पूरक व पर्यायी संवाद

पूरक व पर्यायी संवाद : तोंडाने बोलणे जमत नाही, किंवा जेवढे जमते तेवढे घराबाहेरच्या माणसाला उमगत नाही, अशा व्यक्तीने खूण, चित्र, अक्षर किंवा आवाज देणाऱ्या उपकरणाच्या आधारे आपले म्हणणे मांडण्याची पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एएसी’ म्हणतात. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, डाउन सिंड्रोम आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक मुलांना तिचा उपयोग होतो. थोडेफार बोलणाऱ्या मुलासाठी ती पूरक ठरते, मुळीच न बोलणाऱ्यासाठी पर्यायी. प्रत्यक्षात एकच मूल दिवसभरात दोन्ही प्रकारे ती वापरते.

चार्ल्स ब्लिस यांनी 1949 मध्ये साऱ्या जगाची एक लिपी म्हणून मांडलेली चित्रखुणांची योजना 1971 मध्ये टोरंटोच्या एका केंद्रात शर्ली मॅक्नॉटन आणि सहकाऱ्यांनी न बोलणाऱ्या मुलांच्या हाती दिली. ब्लिस यांचे विश्वलिपीचे स्वप्न राहून गेले. चित्रखुणा मात्र अपंग मुलांच्या वर्गांत टिकल्या. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेत चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत बसवली. तिच्यात मूल हव्या त्या वस्तूचे चित्र उचलून समोरच्याच्या हातात ठेवते.

महाराष्ट्रात या कामाची वाट मुंबईतून जाते. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये तेथे ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली. आज ती ‘अडॅप्ट’ या नावाने चालते. त्यांची मुलगी मालिनी चिब यांना जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. टंकलेले शब्द मोठ्याने बोलून दाखवणारे ‘लाइटरायटर’ हे उपकरण त्या वापरतात. एका करंगळीने टंकून त्यांनी आत्मकथन लिहिले. त्याचे ‘वन लिट्ल फिंगर’ हे नावही त्यावरूनच आले. असे यंत्र परदेशातून आणणे स्मार्टफोन येण्याआधी मोजक्याच कुटुंबांना परवडे.

हे चित्र स्मार्टफोनने बदलले. चेन्नईत अजित नारायणन यांनी घडवलेले ‘आवाज’ आधी स्वतंत्र यंत्र होते. डोक्याच्या वा हाताच्या मर्यादित हालचालीवरही ते चालवता येई. पुढे त्याचे टॅब्लेटवरचे ॲप झाले. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन विभागात रवी पूवय्या आणि अजंता सेन यांच्या पुढाकाराने ‘जेलो’ हे ॲप तयार झाले. ते मोफत असून मराठीतही आहे. त्याची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. मधोमध खाणे, खेळ, माणसे, जागा, मदत अशा विषयांची चित्रे, तर दोन्ही कडांना आवडते, हो, अजून, आवडत नाही, नाही, कमी ही सहा बटणे. मुलाने खाण्यातून पोळी निवडून ‘अजून’ दाबले की ॲप सुटे शब्द न उच्चारता अख्खे वाक्य बोलते. प्रत्यय आणि क्रियापदाची रूपे यांची मराठीतली गुंतागुंत मुलाच्या वाटेत येत नाही, ही त्याची मोठी सोय. पण वाक्य आधीच ठरलेले असल्यामुळे मुलाला ॲप करणाऱ्याच्या कल्पनेपलीकडे जाता येत नाही. ‘आवाज’सारख्या ॲपमध्ये शब्दाला शब्द जोडता येतो, म्हणून वाक्य कधी वाकडे होते, पण ते मुलाचे असते. सुरुवात पहिल्या प्रकाराने करून दुसऱ्याकडे सरकणे प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटते.

तयार ॲपची खरी परीक्षा जऊळक्यासारख्या गावात होते. अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात येते. इथे घरात ‘मले भाकर पायजे’ म्हणतात आणि ‘का’ऐवजी ‘काहून’ विचारतात. ॲप प्रमाण मराठीत ‘मला पाहिजे’ म्हणते. त्यात चूक काही नाही. शाळेत मुलाला तीच भाषा भेटणार आहे. पण घरात जे कोणी कधी बोलत नाही ते मुलाला परके वाटते आणि आजी त्या यंत्राला उत्तर देत नाही. म्हणून ॲपमधल्या चित्रांच्या फलकात स्वतःची चित्रे आणि आवाज भरण्याची सोय असेल, तर ती आधी वापरावी. पिझ्झा आणि मॉलच्या जागी भाकर, बेसन, गोठा, शेत, रेल्वेची गाडी, आबाजींचा फोटो. आवाज शक्यतो मुलाच्याच वयाच्या भावंडाचा वा चुलतभावाचा घ्यावा. मुलगी असेल तर ‘मी आलो’ नको, ‘मी आले’ हवे. ही साधी गोष्ट पुष्कळदा राहून जाते.

नुसत्या नामांनी मात्र फलक भरू नये. नवख्या घरात पन्नास चित्रे खाण्याची असतात आणि ‘नको’, ‘थांब’, ‘अजून’, ‘दुखतंय’, ‘मी नाही केलं’ यांतले एकही नसते. रोजच्या बोलण्याचा मोठा भाग अशाच मोजक्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांवर चालतो. ‘नको’ दाबल्यावर घास खरोखरच बाजूला ठेवला गेला, तर मूल पुढच्या वेळी आपणहून बटणाकडे वळते. दाबूनही घास तोंडात गेला, तर यंत्राची किंमत त्याच्या लेखी संपली.

सर्वांत जास्त चुकते ते शिकवण्यात. मुलापुढे फोन ठेवून ‘पाणी दाखव बरं’ म्हणणे ही परीक्षा झाली, संवाद नव्हे. तान्हे मूल वर्षभर नुसते ऐकते, मग पहिला शब्द काढते. चित्रांची भाषाही त्याने आधी इतरांना वापरताना पाहायला हवी. आई ‘चल, शेतात जाऊ’ म्हणता म्हणता स्वतः ‘जाऊ’ आणि ‘शेत’ यांवर बोट ठेवते. मुलाने काही दाबावे अशी अट नसते. मग थांबायचे, मनात दहा मोजायचे. हे थांबणेच मोठ्यांना जड जाते. मेंदूच्या पक्षाघातात हात चित्रापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी उत्तर देऊन टाकलेले असते. ज्याचा हात उठतच नाही त्याच्यासाठी पारदर्शक ॲक्रिलिकच्या पाटीवर चार कोपऱ्यांत चित्रे चिकटवतात; समोर बसलेला माणूस पलीकडून मुलाची नजर वाचतो.

कागदी फलकाला कमी लेखू नये. उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, भारनियमनात चार्जिंग संपते, शिवाय घरातला एकमेव फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो. ॲपमधल्याच मांडणीचा लॅमिनेट केलेला कागद दप्तरात, चुलीजवळच्या भिंतीवर आणि शाळेत असला की खंड पडत नाही.

यंत्राची सवय लागली की मूल बोलायचे सोडून देईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात निघते. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी 2006 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. त्यांतल्या नेटक्या पुराव्याच्या 27 व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. 89 टक्क्यांचे वाढले होते, बहुतेकांचे थोडेच. उरलेल्यांत फरक पडला नव्हता.

वाचा-उपचारतज्ज्ञ गावात मिळणे दुर्मीळ, पण मदतीच्या काही वाटा आहेत. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करते व मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. शाळेच्या बाजूने समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक असतात. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाचा व श्रवण अक्षमतांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक वा बहुविध अक्षमता असल्यास ‘निरामय’ विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. दिव्यांग हक्क कायदा, 2016 ने संवादाच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी पद्धती घातल्या आहेत. त्यामुळे मुलाचा फलक वर्गात आणू न देणाऱ्या शाळेला पालक या व्याख्येचा लेखी हवाला देऊ शकतात.