परदेशी स्थायिक होणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांवरील करआकारणी

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम परिसरात केंद्र शासनाच्या सेवेत हयात घालविलेले अनेक कर्मचारी निवृत्तीनंतर मुलांकडे परदेशी राहावयास जातात. यांत मराठी कुटुंबेही आहेत. देश सोडला म्हणजे येथील आयकरही सुटला, असा समज त्यांच्यापैकी काहींत आढळतो. प्रत्यक्षात निवृत्तिवेतन कोण देते, त्या वर्षी धारक कोठे राहिला आणि त्याचे नागरिकत्व कोणते, या तीन गोष्टींवर कराचा निर्णय अवलंबून असतो.

उत्पन्नाचे मूळ भारतात

केंद्रीय नागरी सेवेतील निवृत्तिवेतनाचे आदेश नवी दिल्लीतील भिकाजी कामा प्लेस येथील केंद्रीय निवृत्तिवेतन लेखा कार्यालयामार्फत बँकांकडे जातात. हे कार्यालय १ जानेवारी १९९० पासून कार्यरत आहे. आयकर कायद्यात निवृत्तिवेतन हे वेतनाचेच रूप मानले जाते. सेवा भारतात झालेली असल्याने हे उत्पन्न भारतात निर्माण झालेले ठरते आणि अनिवासी व्यक्तीलाही ते करपात्र असते. कायम परदेशी राहणाऱ्या व परदेशातच निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना १९६१ च्या आयकर अधिनियमाने दिलेली सूट ब्रिटिश काळातील सनदी अधिकारी व न्यायाधीश यांच्यापुरतीच होती.

या अधिनियमाची जागा घेणाऱ्या आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. निवासाची मूळ कसोटी त्यातही कायम आहे.

निवासाची कसोटी

आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक काळ भारतात राहणारी व्यक्ती निवासी ठरते. त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस वास्तव्य असले तरीही निवासी दर्जा लागू होतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकांना ६० दिवसांच्या अटीतून सवलत आहे; मुलांकडे राहण्यासाठी जाणाऱ्या निवृत्तांना ती सर्वसाधारणपणे मिळत नाही. त्यामुळे जूनअखेर प्रस्थान ठेवणारा निवृत्त कर्मचारी बहुधा त्या संपूर्ण वर्षासाठी निवासीच राहतो. पुढील वर्षांत भेटीसाठी येणाऱ्या भारतीय नागरिकाला १८२ दिवसांची मर्यादा असते. मात्र परदेशी स्रोतांखेरीज अन्य उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असल्यास ती १२० दिवसांवर येते.

अनिवासी दर्जाची किंमत

अनिवासी होताच काही सवलती संपुष्टात येतात. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेली वाढीव करमुक्त मर्यादा केवळ निवासी व्यक्तींना लागू आहे. नव्या प्रणालीतील करसवलतही निवासींपुरतीच आहे.

उदाहरणार्थ, दरमहा ६० हजार रुपये निवृत्तिवेतन असल्यास वार्षिक उत्पन्न ७ लाख २० हजार रुपये होते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या प्रणालीनुसार ७५ हजारांची प्रमाणित वजावट केल्यावर ६ लाख ४५ हजार उरतात. पहिले ४ लाख करमुक्त असून उरलेल्या रकमेवर ५ टक्के दराने १२,२५० रुपये कर व त्यावर ४ टक्के उपकर, असे एकूण १२,७४० रुपये होतात. अन्य उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीचा हा संपूर्ण कर माफ होतो. अनिवासी व्यक्तीला तो भरावाच लागतो.

दुहेरी कर टाळण्याचे करार

तेच उत्पन्न दोन देशांच्या कराच्या कक्षेत आल्यास उभय देशांतील करार पाहावा लागतो. ब्रिटनशी असा करार २५ जानेवारी १९९३ रोजी नवी दिल्लीत झाला. त्यानुसार शासकीय सेवेबद्दलच्या निवृत्तिवेतनावर केवळ ते देणारा देश कर आकारतो. लंडनमध्ये राहणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व टिकवलेल्या निवृत्त कर्मचाऱ्याचा हा कर त्यामुळे भारतातच भरला जातो. मात्र ब्रिटनमध्ये राहून तेथील नागरिकत्व घेतल्यास हा अधिकार ब्रिटनकडे जातो. खासगी कंपनीच्या निवृत्तिवेतनावर निवासाचा देश कर आकारतो.

अमेरिकेशी १९८९ मध्ये झालेल्या करारातही शासकीय व खासगी निवृत्तिवेतन वेगळे मानले आहे. परंतु आपले नागरिक व स्थायी निवासी यांच्यावर कर आकारण्याचा हक्क अमेरिकेने बराचसा राखून ठेवला आहे. त्यामुळे भारतात कर भरला तरी अमेरिकेतील विवरणपत्राचा विचार करावाच लागतो.

आवश्यक दक्षता

परदेशी स्थायिक झाल्यावर ही बाब बँकेस कळवून बचत खाते अनिवासी सामान्य अर्थात एनआरओ खात्यात रूपांतरित करणे बंधनकारक आहे. या खात्यावरील व्याजातून ३० टक्के व उपकर या दराने टीडीएस कापला जातो. करारात कमी दर असल्यास त्याचा लाभ घेता येतो. कराराच्या लाभासाठी निवासाच्या देशाचे कर निवासी प्रमाणपत्र लागते. कर भरल्यावर निवृत्तिवेतन परदेशी पाठविण्यास मुभा आहे. वार्षिक हयातीचा दाखला भारतीय वकिलातीमार्फतही देता येतो.

ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला, अमेरिकेचे सामान्यतः १ जानेवारीला आणि भारताचे १ एप्रिलला सुरू होते. पारपत्रावरील प्रवेश व निर्गमनाच्या तारखांची नोंद म्हणूनच जपून ठेवावी. निवासाचे दिवस सिद्ध करण्यास ती उपयोगी पडते.