मधल्या दाराचा इतिहास

संगणकांच्या व्यवहारांत 'भाडेकरू' हा शब्द अलीकडे रूढ झाला आहे, आणि तो अलंकारिक नाहीं. दुसऱ्याच्या मालकीचीं यंत्रें, दुसऱ्याच्या इमारतींत, वापरावें तितकें भाडें देऊन जो वापरतो तो भाडेकरू. आणि ही सारी व्यवस्था म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तें. बँका, वर्तमानपत्रें, रुग्णालयें, सरकारी कचेऱ्या यांपैकीं पुष्कळांनीं आपल्या वह्या, म्हणजे आजच्या भाषेंत डेटाबेस, ह्या भाड्याच्या खोल्यांत नेऊन ठेवल्या आहेत. वाचकांचें बचतखातें, रक्ततपासणीचा कागद, मुलांच्या परीक्षेचे गुण यांतील बरेंच कांहीं अशाच एखाद्या खोलींत असण्याचा संभव आहे. ह्या खोल्यांना भिंती केव्हां आल्या, आणि भिंती आल्यावर दोन भाडेकरूंच्या वह्या जोडण्याकरितां मधलें दार कसें पाडावें लागलें, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. आम्हांस ती सांगण्याजोगी वाटते; कारण तें दार जेथें अडतें, तेथें कां अडतें याचें कारण दाराच्याहि पूर्वी वीस वर्षें होऊन गेलेल्या एका वादांत आहे.

तो वाद पत्त्यांचा होता. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान ह्यांनीं १९७४ सालीं निरनिराळीं जाळीं एकमेकांस जोडण्याची जी पद्धति मांडली, तिच्यांतून पुढें टीसीपी-आयपी ही संभाषणाची रीत सिद्ध झाली, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेच्या आर्पानेट ह्या आद्य जाळ्यानें ती अंगीकारली. तिच्यांत प्रत्येक यंत्रास बत्तीस द्विमान अंकांचा पत्ता मिळे. म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६. एका पत्त्यावर जगांत एकच यंत्र असावें, म्हणजे कोणत्याहि यंत्रास कोणत्याहि यंत्राशीं सरळ बोलतां यावें, हा ह्या रचनेचा प्राण होता. आंकडा मोठा दिसतो. पण आरंभीं पत्ते इनामी जमिनीसारखे सढळ हातानें वांटले गेले, आणि १९९० च्या सुमारास ते संपणार अशी धास्ती जाणत्यांस वाटूं लागली.

मार्च १९९४ मध्यें आरएफसी १५९७ ह्या क्रमांकाचें एक टिपण प्रसिद्ध झालें. इंटरनेटचे नियम अशाच क्रमांकित टिपणांच्या रूपानें निघतात. 'आरएफसी' ह्या अक्षरांचा मूळ अर्थ 'अभिप्राय कळवावा' एवढाच आहे, आणि नियम सांगणाऱ्याची ही नम्रता आम्हांस नेहमींच लोभस वाटत आली आहे. टिपणाचे लेखक चौघे होते: आयबीएमचे याकोव्ह रेख्टर, क्रायस्लर ह्या मोटार-कंपनींतील मॉस्कोविट्झ, आणि युरोपांत पत्त्यांची वांटणी पाहणाऱ्या संस्थेचे कॅरेनबर्ग व द ग्रोट. त्यांचें म्हणणें व्यवहारी होतें. विमानतळावर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वेळा दाखविणारे फलक, दुकानांतील गल्ल्याचीं यंत्रें, बँकेच्या पैसे देणाऱ्या पेट्या ह्यांस बाहेरच्या जगाशीं बोलावयाचेंच नसतें. मग त्यांस जगांत एकमेव असा पत्ता कशास हवा? पत्त्यांचे तीन पट्टे बाजूस काढून ठेवावे. ज्याला हवे त्यानें ते आपल्या घरांत, कोणास न विचारतां, वापरावे. सर्वांत मोठा पट्टा '१०' ह्या अंकानें सुरू होणारा, १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६ पत्त्यांचा. हा १० क्रमांक पूर्वी खुद्द आर्पानेटाचा होता. तें जाळें १९९० मध्यें बंद झालें आणि मूळ पुरुषाचें रिकामें घर धर्मशाळेसाठीं उपयोगी आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

चार महिन्यांतच, जुलैमध्यें, ह्याला उत्तर निघालें. आरएफसी १६२७ चें शीर्षकच '१० क्रमांकाचें जाळें अपायकारक आहे' अशा आशयाचें होतें. लिअर, फेअर, क्रॉकर व केसलर हे त्याचे लेखक सिलिकन ग्राफिक्स, अॅपल व सन ह्या कंपन्यांत काम करणारे, म्हणजे सिद्धांतापेक्षां यंत्रांशीं अधिक परिचय असलेले होते. पहिलें टिपण सार्वजनिक चर्चेवांचून पुढें रेटलें गेलें ही त्यांची एक तक्रार होती. पण मुख्य तक्रार खोल होती. आज जें यंत्र कोणाशीं बोलत नाहीं तें उद्यां बोलणारच नाहीं हें कशावरून? दोन संस्था उद्यां एक झाल्या, किंवा त्यांस एकमेकींचीं जाळीं जोडावीशीं वाटलीं, आणि दोघींनींहि आपापल्या घरांत तेच क्रमांक लावलेले निघाले, तर काय करावयाचें? एका संस्थेला आपलीं सर्व यंत्रें नव्यानें मोजून नवे क्रमांक द्यावे लागतील, आणि हें काम किती जिकिरीचें असतें तें ज्यानें केलें आहे त्यालाच ठाऊक. पत्त्याचें एकमेवपण एकदां सोडलें कीं तें परत मिळविण्याची किंमत पुढच्या पिढीच्या माथीं बसते, असा त्यांचा रोख होता.

फेब्रुवारी १९९६ मध्यें तडजोड झाली. आरएफसी १९१८ ह्या नव्या टिपणानें तिन्ही पट्टे कायम केले; पण त्यावर मूळ चौघांच्या खालीं पांचवें नांव विरोधी टिपणाच्या पहिल्या लेखकाचें, एलियट लिअर ह्यांचें, आहे. विरोधकाला आंत घेऊन त्याचा आक्षेप मजकुरांत उतरविण्याची ही रीत आमच्या कायदेमंडळांनीं अभ्यासावी अशी आहे. नव्या टिपणानें धोका झांकला नाहीं. दोन संस्थांना पुढें जोडून घ्यावयाचें झाल्यास पत्ते एकमेकांवर आदळूं शकतील असें त्यांत स्पष्ट म्हटलें असून, तें टाळण्यासाठीं प्रत्येकानें राखीव पट्ट्यांतून आपला भाग चिठ्ठी टाकल्यासारखा, यदृच्छेनें निवडावा अशी आग्रहाची शिफारस केली आहे. शिफारस उत्तम होती. पण पहिल्या पानावरून मोजावयास सुरुवात करणें हा मनुष्यस्वभाव. जो तो १०.०.० पासून आरंभ करूं लागला.

पुढचीं दहा वर्षें ह्याचें कोणास विशेष कांहीं वाटलें नाहीं; कारण प्रत्येकाचीं यंत्रें प्रत्येकाच्या घरांत होतीं. २००६ सालीं अॅमेझॉन कंपनीनें आपलीं यंत्रें भाड्यानें देण्यास प्रारंभ केला तेव्हां चित्र पालटलें. आरंभींची ही वस्ती एका मोठ्या सामाईक चौकासारखी होती. सर्व भाडेकरूंचीं यंत्रें एकाच विशाल जाळ्यांत, त्याच १० क्रमांकाच्या पट्ट्यांत, शेजारीं शेजारीं बसत. मध्यें भिंत नसे. कोणाला आंत घ्यावें ह्याचे नियम मात्र प्रत्येकाच्या उंबऱ्यावर असत. मोठ्या संस्थांस हें रुचेना. म्हणून २००९ च्या ऑगस्टमध्यें प्रत्येक भाडेकरूस स्वतःचें बंदिस्त जाळें देण्याची सोय निघाली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तयार डेटाबेस भाड्यानें मिळूं लागले. भिंती आल्या त्या अशा. आंत क्रमांक कोणते लावावे हें भाडेकरूनें ठरवावयाचें, आणि ते लावले गेले अर्थातच १९९६ च्या राखीव पट्ट्यांतून.

आतां अडचण अशी कीं वह्या एकट्या राहत नाहींत. एकाच संस्थेची हिशेबाची शाखा एका खात्यावर असते, विक्रीची दुसऱ्या. बँकेची वही एकीकडे असते आणि तिच्यासाठीं तपासणी करणारी कंपनी दुसरीकडे. भिंत आहे म्हटल्यावर दोघांनीं बोलावयाचें तर रस्त्यावर येऊन, म्हणजे सार्वजनिक इंटरनेटच्या वाटेनें. वही रस्त्याकडे उघडी ठेवण्याचा परिणाम काय होतो तें जानेवारी २०१७ मध्यें जगानें पाहिलें. मोंगोडीबी जातीचे हजारों डेटाबेस परवलीच्या शब्दावांचून इंटरनेटवर उघडे होते. चोरट्यांनीं ते शोधून काढले, आंतील मजकूर पुसून टाकला आणि त्या जागीं खंडणीची चिठ्ठी ठेवली. पुष्कळांनीं खंडणी भरली आणि मजकूर परत आला नाहीं. कारण चोरट्यांनीं त्याची नक्कलच करून ठेवली नव्हती.

रस्ता टाळण्याची तोड मार्च २०१४ मध्येंच निघाली होती. दोन बंदिस्त जाळ्यांमध्यें, मग तीं दोन निरनिराळ्या खातेदारांचीं कां असेनात, सरळ मधलें दार पाडण्याची सोय अॅमेझॉननें दिली आणि तिला 'पीअरिंग' हें नांव दिलें. नांव उसनें आहे. पीअर म्हणजे बरोबरीचा. १९९१ मध्यें अमेरिकेंतील पीएसआयनेट, यूयूनेट व सर्फनेट ह्या तीन जाळ्यांनीं एकमेकांची वाहतूक मोबदल्यावांचून घ्यावयाचें ठरवून एक अदलाबदलीचें ठाणें उभारलें. तेथपासून 'तूं माझी टपाल ने, मी तुझी नेतों' अशा बरोबरीच्या कराराला तो शब्द लागलेला होता. आमच्याकडे असें राष्ट्रीय ठाणें २००३ सालीं स्थापन झालें.

मधल्या दाराची रीत जुन्या वाड्यांतील शेजाऱ्यांस सहज समजेल. एकानें मागणी करावयाची, दुसऱ्यानें ती मान्य करावयाची. एकतर्फी दार पडत नाहीं. त्यानंतर दोघांनींहि आपापल्या वाटांच्या तक्त्यांत 'अमुक पत्त्यांकडे जावयाचें तर ह्या दारानें' अशी नोंद करावयाची. एकानेंच केली तर निरोप जातो आणि उत्तर परत येत नाहीं. पुष्कळांचे दिवस ह्या एका विसरभोळेपणांत गेलेले आहेत. मग वहीच्या राखणदारास सांगावयाचें कीं शेजारच्या अमक्या पत्त्यावरून आलेल्यास अमकीच खिडकी उघडावी. पोस्टग्रेस जातीच्या वहीची नेहमींची खिडकी ५४३२ क्रमांकाची असते. इतकें झालें तरी वहीचें स्वतःचें कुलूप राहतेंच. आणि एक नियम आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो: 'अ' चें दार 'ब' कडे आणि 'ब' चें दार 'क' कडे असलें तरी 'अ' ला 'ब' च्या घरांतून 'क' कडे जातां येत नाहीं. शेजाऱ्याचा शेजारी तो आपला शेजारी नव्हे. ज्या व्यवहारांत परक्यांच्या आजारांच्या आणि कर्जांच्या नोंदी आहेत, तेथें ओळखीवर ओळख चालवूं न देणें हेंच योग्य.

परंतु दुसरा नियम असा कीं, दोन्ही घरांचे क्रमांक एकमेकांवर येत असतील तर दार पडतच नाहीं. लिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ मध्यें जें सांगितलें तें येथें अक्षरशः पुढें उभें राहिलें. त्यांत भर अशी कीं, डिसेंबर २०१३ नंतर नवें खातें उघडणाऱ्या प्रत्येकास कंपनीनें सोयीसाठीं एक आयतें जाळें दिलें, आणि त्या प्रत्येक आयत्या जाळ्याचा पट्टा एकच: १७२.३१. ज्यांनीं तो बदलला नाहीं ते सर्व भाडेकरू जणूं एकाच नांवाच्या पाटीखालीं राहूं लागले. त्यांतील कोणाहि दोघांना मधलें दार मिळणें शक्य नव्हतें. 'यदृच्छेनें निवडा' ही १९९६ ची शिफारस आणि सोयीचा हा एकच पट्टा, ह्यांत सोय जिंकली.

जून २०१६ मध्यें अॅमेझॉननें मुंबईंत आपलें केंद्र उघडलें, आणि एप्रिल २०१८ मध्यें पैशाच्या देवघेवीची माहिती भारतांतच ठेवण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेनें दिला. तेव्हांपासून हें कोडें अमेरिकेंतील अभियंत्यांपुरतें राहिलें नाहीं. वह्या येथेंच राहणार आणि त्या एकमेकींशीं बोलणारहि येथेंच. त्यामुळें दोन संस्था जोडणाऱ्या मंडळींच्या पहिल्या बैठकींत पहिला प्रश्न 'तुमचे क्रमांक कोणते?' हाच निघतो, आणि ते जुळून आले, म्हणजे आदळले, तर पुढचे कित्येक आठवडे पुनर्गणनेंत जातात.

वाद कोण जिंकलें? आम्हांस वाटतें, दोन्ही पक्ष खरे होते. खासगी पट्टे नसते तर बत्तीस अंकी पत्ते कितीतरी आधीं संपले असते. असूनहि मध्यवर्ती सांठ्यांतील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून झाले. एकशें अठ्ठावीस अंकी पत्त्यांची पद्धति १९९५ च्या डिसेंबरांतच लिहून तयार होती, आणि ती वेळीं सर्वत्र रुजती तर हा सारा प्रपंचच टळता. पण चालू घराचा पाया बदलण्यास कोणी उत्सुक नसतो. पट्टे वाचवून जगानें काळ विकत घेतला आणि त्याचें व्याज जोडणीच्या वेळीं भरलें.

नोव्हेंबर २०१७ मध्यें निराळा मार्ग निघाला. त्यांत दार पाडीतच नाहींत. शेजाऱ्याच्या वहीची एकच खिडकी आपल्या भिंतींत बसवून घेतात, आणि तिला क्रमांक आपल्याच घरांतला देतात. त्यामुळें दोन्हीकडील क्रमांक सारखे असले तरी बिघडत नाहीं. संवादाची सुरुवात एकाच बाजूनें करतां येते, दुसरी बाजू फक्त उत्तर देते. ज्यांना केवळ एक वही वाचावयाची आहे त्यांस तेवढें पुरतें. ज्यांच्या दोन्ही घरांचा व्यवहार दोन्ही बाजूंनीं चालतो, त्यांना मात्र अजून मधलें दारच लागतें, आणि क्रमांक मोजून घ्यावेच लागतात.